मॅडम, तुम्ही कुणाकडच्या? कारागृहात पहिल्यांदा जाणाऱ्या मानसशास्त्रज्ञासाठी

एमएच्या शेवटच्या वर्षाची पोरं-पोरी फोन करतात. ‘मॅडम, क्रिमिनल सायकॉलॉजीत काम करायचंय, काय वाचू?’ त्यांच्या डोळ्यांसमोर मालिकेतला तो माणूस असतो, रक्ताचा डाग बघून खुन्याचं बालपण सांगणारा. मी गेली १४ वर्षं मराठवाड्यातल्या कारागृहांत आणि पोलीस ठाण्यांत जाते. डागावरून बालपण सांगायची वेळ एकदाही आली नाही. झोप, दारू, घरची काळजी, जामिनाची तारीख आणि कागद यांतच माझा दिवस जातो. म्हणून वाचायची यादी देत नाही. गुरुवारी सकाळी नऊ वाजता ज्यांना खरोखर फाटकाशी उभं राहायचंय, त्यांनी पुढचं वाचावं.

आधी पाटीचं बघा. नुसतं एमए झालेला माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिच्याकडचा नोंदणी क्रमांक लागतो. एमएवर समुपदेशक म्हणून काम मिळतं, बहुतेक वेळा कंत्राटी, आणि ते काम कमी दर्जाचं अजिबात नाही. पण सहीखाली जे नाही ते लिहू नका. कोर्टात उलटतपासणीला बचावाचा वकील पहिला प्रश्न तिथूनच काढतो. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत ५०० बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक सांगितलाय. तो हिशेब वाचून आत जाऊ नका, निराश व्हाल. तुम्ही बहुधा आठवड्यातून एकदा येणारे पाहुणे असाल.

फाटक

हर्सूलचं मध्यवर्ती कारागृह असो की एखाद्या जिल्ह्याचं लहान, मोठ्या दरवाजातल्या छोट्या दिंडीतून वाकूनच आत जावं लागतं. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह बाहेर. झडती होते, ती हसून द्या. वहीत नाव, वेळ, सही. एक साधं पेन आणि कोरे कागद न्या. स्टेपलर नको, पिना नकोत. दुपारी बराकी बंद होतात, त्यामुळे तुमचं काम सकाळचं. अकरा वाजता पोचलात तर तासाभरात दोन माणसं होतील आणि बाहेर रांगेत बसवलेले सात जण न बोलता परत जातील.

शिपायांशी नीट वागा. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही. रात्री दोन वाजता कोण उठून बसतं, जेवण कोण दुसऱ्याला देऊन टाकतं, मुलाखतीला कुणाचंच माणूस सहा महिन्यांत आलेलं नाही, हे फक्त त्यांना माहीत असतं. त्यांना ‘लक्षणं सांगा’ म्हणाल तर काही सांगणार नाहीत. ‘दादा, या आठवड्यात कुणाचं काही वेगळं दिसलं का?’ एवढं विचारा.

मुलाखत या शब्दाची गोष्ट सांगते. आपण शिकतो, ‘क्लिनिकल मुलाखत घ्यावी.’ पहिल्याच महिन्यात मी एका पोराला निरोप पाठवला, ‘तुझी मुलाखत आहे.’ तो बराकीतून पळतच आला. केस ओले करून भांग पाडलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. खोलीत मी एकटी. त्याने माझ्या मागे बघितलं, मग दाराकडे बघितलं. आत ‘मुलाखत’ म्हणजे घरचं माणूस भेटायला येणं. त्याला वाटलं, आई आली. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही आणि बोलावं असं मलाही वाटलं नाही. तेव्हापासून मी ‘दवाखान्याच्या मॅडमनी बोलावलंय’ असाच निरोप देते.

कुणाकडच्या?

हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच. कधी तोंडावर, कधी नुसता नजरेत. ‘मॅडम, तुम्ही सरकारकडच्या का आमच्याकडच्या?’ याचं गोड उत्तर देऊ नका. मी म्हणते, ‘पगार सरकार देतं. काम तुमच्या तब्येतीचं करते. तुम्ही सांगितलेलं मी कुणाला सांगत फिरत नाही. पण तुम्ही स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायचं बोललात तर गप्प बसणार नाही, आणि कोर्टाने कागद मागितला तर द्यावा लागेल.’ २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि अपवादही तिथेच सांगितलेत. ते अपवाद बंद्याला आधी कळले पाहिजेत. त्याने सगळं ओकून टाकल्यावर नियम सांगणं म्हणजे दगा आहे.

आणि पुढचं वाक्य तर पाठच करा: ‘खटल्याचं मला सांगू नका, वकिलाला सांगा.’ आपल्याकडे वकील-अशील बोलण्याला जसं कायद्याचं संरक्षण आहे, तसं मानसशास्त्रज्ञाशी झालेल्या बोलण्याला नाही. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, पण तुम्ही पोलीस नाही. कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे असा, तुमच्यापुढे रडून ‘माझ्या हातून झालं’ म्हणाला आणि तुम्ही ते नोंदवलं, तर उद्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तुम्ही उभ्या.

मी ही चूक केलेली आहे. सुरुवातीच्या काळात, एका कारागृहात, मी एका कच्च्या कैद्याची हकीकत पानभर लिहिली. कॉलेजात शिकवतात तशी, सगळे तपशील घालून. वही टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेले. पुढच्या गुरुवारी बराकीतल्या सगळ्यांना त्याच्या बायकोबद्दलची ती एक गोष्ट माहीत होती. कुणी वाचली, कुणी सांगितली, मी शोधत बसले नाही. वही माझी होती. तो नंतर कधीच माझ्यापुढे बसला नाही. आता माझी नोंद अशी असते: ‘झोप तीन तास. जेवण अर्धं. स्वतःला इजा करण्याचे विचार नाहीत, थेट विचारलं. घरून निरोप नाही म्हणून चिंता. पुढची भेट गुरुवारी.’ उपचाराला याहून जास्त लागत नाही. वही माझ्याबरोबर बाहेर जाते नाहीतर कुलपात.

पहिला आठवडा

आत आलेल्या माणसाला २४ तासांच्या आत कुणीतरी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: रोज किती पिता, आणि शेवटची कधी घेतली? तुम्ही नसाल तर हे प्रश्न कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कागदावर छापून घ्या.

एक ऊसतोडीवरून परतलेला माणूस होता, भांडणाच्या गुन्ह्यातला. मी गेले तेव्हा भिंतीशी बसून दंडावरून काहीतरी झटकत होता. ‘मुंग्या चढू लागल्यात,’ म्हणाला. हात थरथरत होते, गळ्यापर्यंत घाम. मला मुकादमाची बायको समजला आणि उचल फिटली का म्हणून विचारू लागला. बराकीतले म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलंय. शिपाई म्हणाला, ‘नाटक करू लागलाय मॅडम, दवाखान्यात जायला.’ मी तारखा विचारल्या. पकडला सोमवारी, आत आला मंगळवारी, आज गुरुवार. म्हणजे दारू तुटून तीन दिवस.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की पहिल्या दिवसात थरथर, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण ४८ ते ९६ तासांत हा असा भ्रम सुरू होतो. उपचार नाही मिळाला तर माणूस दगावतो. इथे समुपदेशन करायचं नसतं. डॉक्टर, रुग्णवाहिका, जिल्हा रुग्णालय. आणि चिठ्ठीवर ‘वेडसर वागणूक’ न लिहिता शेवटची दारू कधी घेतली ते तासासकट लिहायचं. तो चार दिवसांनी शुद्धीवर परत आला. मुंग्यांचं त्याला काही आठवत नव्हतं. नांदेडकडे, देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात काम करत असाल तर शिंदीचं वेगळं विचारा. पलीकडे तेलंगणात भेसळीच्या शिंदीत गुंगीच्या गोळ्यांची पूड सापडलेली आहे. ती तुटली तरी फिट येते, आणि माणूस ‘मी दारू पीत नाही’ असंच सांगतो, खरंही तेच असतं.

दुसरी भीती जिवाची. आत्महत्येचा धोका पहिल्या काही दिवसांत जास्त, मग जामीन फेटाळल्याच्या संध्याकाळी, शिक्षा सुनावल्यावर, घरून वाईट बातमी आल्यावर. सुटकेच्या आधीचे दिवस आपण विसरतो. गावात तोंड कसं दाखवू, हा विचार तेव्हा सुरू होतो. आडून विचारू नका. ‘जिवाचं काही बरंवाईट करावं वाटतं का? कसं, ते ठरवलंय का?’ विचारल्याने कुणाच्या डोक्यात कल्पना शिरत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा श्वास सोडतो. हो म्हणाला तर अधीक्षकांना त्याच दिवशी लेखी कळवा, आणि एक गोष्ट अडून मागा: याला एकट्याला कोठडीत ठेवू नका. सुरक्षेच्या नावाखाली तसं करायची सवय आहे आणि त्याने जीव आणखी घाबरा होतो. त्याला बराकीत ठेवा, शेजारी एक शहाणा, वयस्क बंदी द्या, आणि रात्रीच्या पहारेकऱ्याला नाव सांगून ठेवा. प्रयत्न झालाच तर गुन्हा नोंदवायची घाई नको. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं.

चाचण्या आणि भाषा

पीएचक्यू-९, ही नैराश्य मोजायची प्रश्नावली, सगळ्यांना येते. ९ प्रश्न, २७ पैकी गुण, मागच्या दोन आठवड्यांबद्दल. बराकीत ती जशीच्या तशी वापरून बघा, प्रत्येकाला दहाच्या वर गुण पडतील. झोप? रात्रभर दिवा चालू असतो. भूक? वरण तेच. कामात रस? कच्च्या कैद्याला कामच नसतं. म्हणून मी बेरीज शेवटी करते आणि नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, आधी वेगळा बघते. झोपेबद्दल विचारताना ‘बाकीचे झोपतात तेव्हा तुम्ही झोपता का?’ असं विचारते. त्याने फरक कळतो.

‘उदास वाटतं का?’ हा प्रश्न आमच्याकडे वायाच जातो. माणूस म्हणतो ‘करमंना’, ‘डोकं भणभण करू लागलंय’, ‘काळजात कालवाकालव होते’. तांड्यावरचा बंजारा बंदी मराठीत उत्तरं देतो आणि रडतो गोरमाटीत. उदगीर-उमरग्याकडे कानडी, परभणी-नांदेडला दखनी. तुम्हाला सगळं येणार नाही. जेवण-झोपेपुरता शेजारच्या बंद्याला दुभाषा करा, त्यापुढे नाही.

पारध्यांबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण अहवालात तिथेच घाण होते. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. तो डाग १९५२ मध्ये कागदावरून गेला, ठाण्यातल्या बोलण्यातून गेला नाही. ‘सराईत’ हा पोलिसांचा शब्द आहे. तो तुमच्या अहवालात उतरला तर त्यामागे तुमचा अभ्यास असल्यासारखा दिसतो. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमांतला जातीवरचा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्तांना जन्मतः गुन्हेगार मानण्यावरही कडक ताशेरे ओढले. तो निकाल वाचा. पारधी पोरगा तुमच्याकडे बघत नाही, तुटक बोलतो, खोटं नाव सांगतो, याचं ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व’ करण्याआधी विचारा की त्याला पहिल्यांदा ठाण्यात नेलं तेव्हा तो किती वर्षांचा होता.

कोर्टाचा कागद

कोर्टाकडून पत्र येतं तेव्हा प्रश्न कोणता आहे ते दोनदा वाचा. ‘गुन्ह्याच्या वेळी त्याला आपण काय करतोय, ते चूक आहे, हे कळत होतं का’ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा प्रश्न, आणि तो मागच्या काळाबद्दल आहे. ‘आज त्याला खटला समजतो का, वकिलाला सांगता येतं का’ हा वेगळा प्रश्न, आजचा. स्किझोफ्रेनिया आहे एवढ्याने दोन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही. निदानाचं आणि औषधाचं मानसोपचारतज्ज्ञांवर सोडा. तुम्ही काय पाहिलं, कोणत्या तारखांना, किती वेळ बसून, तेवढं लिहा. जास्त आजारी बंद्याला पाठवायचं झालं तर जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची, मराठवाड्याबाहेरची. त्यामुळे पोलीस गार्ड मिळणं, गाडी मिळणं, यात आठवडे जातात. ते गृहीत धरून लवकर लिहा.

बाल न्याय मंडळाचं काम याहून अवघड. १६ ते १८ वयातलं मूल आणि निर्घृण गुन्हा असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन होतं, म्हणजे गुन्ह्याचे परिणाम समजण्याची त्याची क्षमता बघतात, आणि मंडळावर बालमानसशास्त्राची पदवी असलेली व्यक्ती नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. बुद्ध्यांक ९५ आला म्हणून ‘परिणाम समजण्याची क्षमता आहे’ असं एका ओळीत लिहू नका. परिणाम म्हणजे आपल्याला शिक्षा होईल एवढंच नव्हे. मेलेल्याच्या घरी काय होईल, आपल्या बहिणीच्या लग्नाचं काय होईल, हेही. पोराला त्याच्या शब्दांत बोलू द्या आणि ते शब्द लिहा. गुन्हा त्याने केला का, हे ठरवायचं काम त्या टेबलावर नसतं.

ठाणं

तपासी अंमलदार चहा मागवतो आणि म्हणतो, ‘मॅडम, जरा याला बोलतं करा. तुमच्याशी बोलंल.’ चहा प्या आणि नाही म्हणा. सर्वोच्च न्यायालयाच्या ५ मे २०१० च्या सेल्वी निकालानंतर नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करता येत नाहीत, हे त्यांना माहीत असतं. तुमच्या गोड बोलण्याला मात्र मनाई नाही असं त्यांना वाटतं. एकदा बोलतं केलंत की त्या ठाण्यातून आत गेलेला एकही बंदी तुमच्यावर भरवसा ठेवणार नाही.

करण्यासारखं मात्र बरंच आहे. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, प्रकरणात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तिथे तुम्ही तपासाला मदत करू शकता: प्रश्न छोटे ठेवा, ‘त्याने हात लावला ना?’ असं तोंडात शब्द घालू नका, ‘मग काय झालं?’ विचारा, आणि तेच पाच जणांनी पाच वेळा विचारू नये हे बघा.

दुसरं, अंमलदारांचं प्रशिक्षण. मी व्याख्यान देत नाही. एका हवालदाराला बसस्टँडवर ओरडणारा माणूस करायला सांगते, ते सगळ्यांना मनापासून जमतं. मग दाखवते: एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी चार पावलं मागे. काठी गाडीत. आवाज खाली. नाव विचारा, पाणी द्या. तो म्हणाला भिंतीतून आवाज येतात, तर ‘येत नाहीत’ म्हणून वाद नको आणि ‘हो, मलाही येतात’ असंही नको; ‘तुला त्रास होऊ लागलाय, आपण दवाखान्यात जाऊ’. अशा माणसाला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, हे मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० मी फळ्यावर लिहून ठेवते. मग कुणीतरी विचारतं, ‘आणि रात्री दवाखान्यात घेतलं नाही तर?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून प्रशिक्षणाआधी जिल्हा रुग्णालयात जाऊन रात्रपाळीला कोण घेणार ते ठरवून या, फोन नंबरासकट.

खुद्द पोलिसांचं मन हे सगळ्यांत लपलेलं खातं. गणपती, ईद, निवडणूक, मोर्चा. बंदोबस्तावरून आलेला माणूस घरी बूट काढेपर्यंत पुन्हा फोन. कार्यशाळेत हात वर करा म्हटलं तर कुणी करत नाही. संपल्यावर पार्किंगमध्ये एक जण गाठतो, ‘मॅडम, माझा एक मेहुणा आहे, त्याला झोप येत नाही.’ मेहुण्याचा पत्ता विचारू नका. मेहुण्याला काय होतं ते विचारा, उपाय सांगा, आणि ‘मेहुण्याला म्हणावं, १४४१६ वर टेलिमानसला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन कर, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.’ त्यांना सेवापुस्तकात नोंद होण्याची आणि हत्यार जमा करून घेण्याची भीती असते. रुग्णालयाच्या रांगेत ओळखीचा आरोपी भेटण्याची तर त्याहून जास्त. मी अशांना ओपीडी संपल्यावर, मागच्या दाराने, केस पेपरच्या गर्दीनंतर बोलावते. पण ज्याच्याकडे हत्यार आहे आणि जो मरणाचं बोलतो, त्याच्या बाबतीत मेहुणा-मेहुणा खेळायचं नाही. त्याच्या अधिकाऱ्याला सांगणार आहे, हे आधी त्याला सांगायचं, मग सांगायचं.

सुटका

तुम्हाला निरोप घेता येणार नाही, हे धरून चाला. जामिनाचा आदेश दुपारी येतो, संध्याकाळी माणूस पिशवी घेऊन बाहेर. गुरुवारी तुम्ही नाव पुकारता तेव्हा शिपाई म्हणतो, ‘तो गेला की सोमवारी.’ त्याच्या गोळ्या आत राहिलेल्या असतात. म्हणून पहिल्याच भेटीत चिठ्ठी द्यायची. मोठ्या अक्षरात: गोळीचं नाव, दिवसातून किती, त्याच्या तालुक्याजवळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, खोली कोणती, खाली १४४१६. कारागृह, कैदी, गुन्हा यांतला एकही शब्द त्यावर नको, कारण ती चिठ्ठी घरी बायको वाचते, गावात मेडिकलवाला वाचतो. वाचता येत नसेल त्याच्याकडून तोंडपाठ करून घ्या, ‘बसस्टँडवरून उतरल्यावर कुठं जायचं?’ असं दोन-तीन गुरुवार विचारत राहा. चिठ्ठी तो उशाशी ठेवणार नाही, हरवेल. त्याची पिशवी कार्यालयात जमा असते. अधीक्षकांना विचारून दुसरी प्रत तिच्यात टाकून ठेवा.